आडवे तंबू

करंजपाडा तलाव, ता. कळवण
६ नोव्हेंबर २०२४

विहीणबाई मालनबाई यांना कारभारी शेवाळे याचा रामराम.

पाकीट पाहून घाबरू नका, सगळं ठीक आहे. योगिनी दिवाळीला माहेरी आली आहे ती मजेत आहे. पत्र लिहायचं कारण एवढंच की तलावावर रेंज नाही. रेंज येते ती वरच्या वळणावर, आणि तिथं वाहनं थांबवून लोक कान देतात. आपला विषय रस्त्यावर बोलण्याचा नाही.

विषय असा. माझा कॅम्प तुम्ही लग्नाच्या वेळी लांबून पाहिला होता. तेव्हा दोन तंबू होते आणि गावात हसत होते. आता काठाला समांतर दोन ओळी आहेत. जमीन माझी स्वतःची आहे, पाण्याच्या रेषेच्या वर. नाशिक, मालेगाव, धुळ्याकडून लोक येतात, राहतात, तलावात होडीतून फिरतात, सकाळी पक्षी बघतात. मी नववी शिकलेला मोटर रिवाइंडिंगवाला. हे सगळं मला कोणी शिकवलं नाही. पुस्तकं मागवली, शब्दकोश घेऊन वाचली, चुकलो, परत केलं. तंबूची खुंटी सरळ ठोकायची नसते, तिरकी ठोकायची, डोकं तंबूपासून लांब झुकलेलं. कळवणच्या मंडपवाल्यांना हे आजही पटत नाही. त्यांचे मंडप पडतात.

तर माझं वय होत चाललं. मुलगा नाही. हे ज्ञान माझ्याबरोबर जाऊ नये असं वाटतं. म्हणून विनंती अशी की जावईबापू अमोलराव यांना या हंगामापुरतं, एप्रिलपर्यंत, माझ्याकडे पाठवावं. मला घरजावई करायचा नाही, तो गैरसमज आधीच काढून टाकतो. मला शिकाऊ माणूस हवा आहे. तोही घरचा हवा, कारण बाहेरचा शिकतो आणि शेजारी जाऊन दुसरा कॅम्प टाकतो.

योगिनी आहे तोवर बुकिंग बघते, पाहुण्यांना जागा दाखवते, होडी नेते-आणते, स्वयंपाकवाल्या बायकांवर लक्ष ठेवते. बाकी सगळं मलाच करावं लागतं.

उत्तराची वाट बघतो.

कारभारी


निफाड
१५ नोव्हेंबर २०२४

व्याहीबुवा कारभारीराव,

पोस्टमन पत्र घेऊन आला तेव्हा मला वाटलं बँकेची नोटीस. तुमचं अक्षर बघून जिवात जीव आला, वाचून परत गेला.

तुम्ही मागताय ती साधी गोष्ट नाही. आमच्याकडे द्राक्षाचा हंगाम आणि तुमच्याकडे तंबूचा हंगाम एकाच वेळी येतो. जानेवारीच्या शेवटी बाग काढणीला येईल आणि माझा एकुलता एक मुलगा तुमच्याकडे खुंट्या तिरक्या ठोकत बसेल! त्याचे वडील गेल्यापासून बाग आम्ही दोघांनी उभी ठेवली आहे, आणि तीन वर्षं झाली, योगिनी तिसरी.

दुसरं, तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. अमोल पाण्याला भितो. लहानपणी कॅनॉलमध्ये पडला होता, तेव्हापासून घरात शॉवर असून तो बादली-तांब्यानं अंघोळ करतो. त्याला होडीत बसवायला तुम्हाला तुमचे ते सगळे दोर लागतील.

तरीपण नाही म्हणण्याआधी मी बघून घेणार. अंगणवाडीत होते तेव्हाही मी पोर बघितल्याशिवाय वजनाचा आकडा लिहिला नाही. आमच्या बचत गटाच्या बाया किती दिवस कुठंतरी जाऊ म्हणतायत. शिर्डी झाली, वणी झाली. आता म्हणतात, तंबूत झोपायचं. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही गाडी करून येतो. योगिनीला तोवर तिथंच राहू दे, आमच्याबरोबर परत येईल.

एक आधीच बजावते. आम्ही विहीण आणि तिच्या मैत्रिणी म्हणून येणार नाही. गिऱ्हाईक म्हणून येणार. इतरांना जसं ठेवता तसं ठेवा. मानपान नको, साडीचोळी नको. मला तुमचं काम बघायचं आहे, पाहुणचार नाही.

मालनबाई बोरस्ते


करंजपाडा तलाव
२२ नोव्हेंबर २०२४

विहीणबाई,

तुम्ही लिहिलंत तसंच होईल. मी शब्दाला शब्द धरणारा माणूस आहे.

गिऱ्हाइकांना जे नियम पाठवतो तेच पाठवतो आहे. तंबूत खाण्याचं काही न्यायचं नाही, चिवडासुद्धा नाही, कारण मुंग्या येतात, मुंग्यांमागे उंदीर, आणि उंदरामागे कोण येतं ते बायकांना सांगू नका. चप्पल तंबूबाहेर उलटी ठेवायची. लाइफ जॅकेटशिवाय पाण्याकडे जायचं नाही, पोहता येत असलं तरी. जेवल्यावर आपलं ताट ज्यानं त्यानं राखेनं घासून ठेवायचं. स्वेटर आणा, काठावर थंडी जास्त असते.

कळवणहून येताना पाण्याची टाकी लागली की डावीकडे. कोणी उजवीकडचा रस्ता जवळचा सांगेल. जवळचा आहे, पण गाडीचं खालचं अंग घासतं.

काठावर सगळ्यात पुढचा एकटा तंबू माझा. त्याला कोणी हात लावायचा नाही. पाहुणे आले की मी तो नमुना म्हणून दाखवतो.

कारभारी


करंजपाडा तलाव
११ डिसेंबर २०२४

विहीणबाई मालनबाई यांना नमस्कार.

रविवारी सकाळी तुम्ही गाडीत बसलात ते माझ्याशी न बोलता. बाकीच्या बायकांनी 'येतो' म्हटलं. योगिनीही तुमच्याबरोबर गेली, तीही काही बोलली नाही. घरच्या माणसांत असं राहू नये म्हणून लिहितो.

आधी ताटाचं. शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर तुम्ही ताट ठेवून उठलात आणि मी म्हणालो, "विहीणबाई, राख तिकडे आहे." सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या हे मी पाहिलं. पण तुमचं पंधरा नोव्हेंबरचं पत्र माझ्यासमोर आहे. 'इतरांना जसं ठेवता तसं ठेवा.' मी तसंच ठेवलं. यात माझी चूक मला सापडत नाही.

आता दुसरं, त्याची मात्र माफी मागतो. गॅस संपत आला म्हणून मी जेवणानंतर कळवणला गेलो. परतताना वारा उठला. वणीच्या गडाकडून आला, या दिवसांत त्या बाजूनं तसा वारा येत नाही. रस्त्यात बाभूळ आडवी पडली होती, ती ओढून काढण्यात वेळ गेला. येऊन बघतो तर दोन्ही ओळींतला एकही तंबू उभा नाही. सगळे जमिनीवर सपाट, धोब्यानं वाळत घातल्यासारखे, वर दगड. आणि तुम्ही सगळ्या पंपाच्या मोटरच्या पक्क्या खोलीत दाटीवाटीनं उभ्या, अंगावर गोधड्या. योगिनी दारात, चिखलानं भरलेली.

मी तिला सगळ्यांसमोर बोललो. "एवढी वर्षं माझ्याजवळ राहून हेच शिकलीस? उभे तंबू पाडून ठेवलेस?"  मला वाटतं ती घाबरली असावी. बाईमाणूस, त्यात एकटी, असं होतं. वाऱ्यात तंबू पाडायचे नसतात. दोर दुप्पट करायचे, ताणायचे, वाऱ्याकडच्या खुंट्यांवर दगड. हे माझ्याकडच्या पुस्तकात चित्रासह आहे. माझ्या स्वतःच्या तंबूला मी सकाळीच दुहेरी दोर लावून ठेवले होते. तो फाटून तलावात गेला ही गोष्ट वेगळी. त्याचं कापड जुनं झालं होतं.

संध्याकाळी तंबू परत उभे झाले आणि तुम्हाला झोपायला मिळालं, हे नशीब. पण पाहुण्यांच्या डोक्यावरचं छत घरच्याच मुलीनं काढावं याची मला लाज वाटली.

आता तुम्हीच बघा, इथं खंबीर माणूस का पाहिजे ते. अमोलरावांना पाठवण्याचा विचार परत करावा. पाण्याची भीती मी घालवीन, पद्धत आहे.

कारभारी


निफाड
१९ डिसेंबर २०२४

व्याहीबुवा,

तुम्ही शब्दाला शब्द धरता ना, मग हे पत्र दोनदा वाचा.

ताटाचं मला वाईट वाटलं. मीच लिहिलं होतं हे खरं, पण लिहिलेलं सगळं असं कोणी अमलात आणतं का? आमची नवसाबाई अख्ख्या निफाडात सांगत फिरतेय, "व्याह्यानं विहिणीकडून भांडी घासून घेतली, आन् तीबी राखेनं!" पण घासताना मी बघितलं, तुम्हीसुद्धा तुमचं ताट घासत होतात. तेव्हा तो विषय मी मिटवला. मी तुमच्याशी बोलले नाही ते त्यासाठी नाही.

तुम्ही नव्हतात, मी होते. काय झालं ते सांगते.

तुम्ही गेल्यावर आम्ही झाडाखाली बसलो होतो. चांगुणा नवऱ्याला फोटो पाठवायला रेंज शोधत फिरत होती. तुमची पाड्यावरची स्वयंपाकवाली चूल विझवायला लागली. मी विचारलं, आत्ताच का विझवता? ती गडाकडे बघत म्हणाली, "वारं मोठं शे, बाई." मला काही दिसत नव्हतं. योगिनी होडी बांधत होती, तिनं ते ऐकलं आणि होडी तशीच वर ओढून उलटी केली. मग पळत आली आणि पहिल्या तंबूची काठी काढली.

नवसाबाई ओरडली, "अगं ए! आपल्या हातानं घर पाडतीस व्हय?"

"मावशी, घर नाही, कापड आहे. ओरडू नका, हात लावा. आधी पिशव्या मोटरच्या खोलीत. मग काठ्या काढायच्या, खुंट्या राहू द्यायच्या. कापड सपाट करून वर दगड."

चांगुणा म्हणाली, "जलमात पहिल्यांदा तंबूत झोपणार हुते, तेबी नशिबात नाय!"

"झोपाल, काकू. रात्री झोपाल. आत्ता तो दगड उचला."

ती आम्हाला एकेकीला नावानं सांगत होती, तू हा, तू तो. मी तिची सासू, मलाही सांगितलं. "आई, तुम्ही फक्त मोजत राहा, कोणी मागं राहायला नको." मी मोजत राहिले. मी म्हटलं, "तुझे आबा चिडतील गं." "चिडतीलच," म्हणाली आणि पुढच्या तंबूकडे गेली.

शेवटी ती तुमच्या काठावरच्या तंबूकडे धावली. अर्ध्यात थांबली. वारा आता चांगलाच आला होता, पावसाचे थेंबही सुरू झाले होते, पदर तोंडावर येत होता. मी ओरडून विचारलं, "तो राहिला ना?" ती वळून आली. म्हणाली, "त्याला हात लावायची मला परवानगी नाही."

खोलीच्या खिडकीतून आम्ही सगळ्यांनी बघितलं. तुमचा तंबू दुहेरी दोरांवर फुगला, जरा वेळ टिकला, मग मधून फाटला आणि खुंट्यांसकट पाण्यात गेला. एक खुंटी मोटरच्या खोलीच्या भिंतीवर येऊन आपटली. आत आम्ही होतो. उभ्या तंबूत असतो तर ती कुठं आपटली असती, ते मी लिहीत नाही.

वारा थांबल्यावर पोरीनं आधी मला गाडीवर बसवून वरच्या वळणावर नेलं. "आई, बागेचं विचारून घ्या, म्हणजे तुमचं इकडे लक्ष लागेल." आमच्याकडे थेंब नव्हता, वाराही नव्हता. खाली येताना मागून तुमची गाडी येताना दिसली, आम्ही खोलीत शिरतो तोच तुम्ही पोचलात. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिला बोललात आणि पाय आपटत तलावाकडे गेलात. तुम्ही तिकडे फाटकं कापड गोळा करत होतात तेव्हा दोन्ही ओळी आम्ही बायांनी उभ्या केल्या. ती सांगत होती, आम्ही करत होतो. खुंट्या जागेवरच होत्या, काठ्या घातल्या की झालं. तुम्ही लिहिता 'उभे झाले'. आपोआप झाले का? आणि सगळं बारकाईनं लिहिणारा माणूस एक गोष्ट लिहायला विसरला. दोन ओळींतलं काय मोडलं?

हे तिला सुचलं कुठून तेही सांगते. तुमच्या पुस्तकातून नाही, आमच्या बागेतून. पावसापासून वाचवायला आम्ही वेलींवर प्लास्टिक टाकतो. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात असा वारा आला होता. शेजाऱ्यांनी प्लास्टिक ताणून धरलं, दोर वाढवले. त्यांचा लोखंडी मांडव वेलींसकट उपडा झाला. मी अमोलला म्हटलं, एका बाजूचे दोर काप. प्लास्टिक लोळलं, मांडव राहिला. ती तेव्हा माझ्या शेजारी उभी होती, नवी नवरी, हातातला चुडासुद्धा उतरला नव्हता. विळा तिनंच आणून दिला होता.

तेव्हा अमोल मिळणार नाही. अमोल खंबीर आहे, पण बागेत. तुम्हाला माणूस पाहिजे असेल तर बरोबर माणूस मागा. ती माझी सून आहे, म्हणून मला विचारावं लागेल. ती तुमची मुलगी आहे, म्हणून तिला विचारावं लागेल. आधी कोणाला ते तुम्ही ठरवा.

ती इथं कामात आहे. घड विरळायचे राहिलेत, सकाळी जाते, संध्याकाळी येते. तुमचं नाव काढत नाही. मी काढलं की उठून पाणी प्यायला जाते.

मालनबाई


करंजपाडा तलाव
२ जानेवारी २०२५

विहीणबाई,

पत्र दोनदा नाही, जास्त वेळा वाचलं. उत्तर द्यायला उशीर केला, कारण खात्री केल्याशिवाय मी लिहीत नाही.

सगळे तंबू उतरवून प्रत्येक काठी सपाट फरशीवर लोळवून पाहिली. वाकलेली काठी लोळताना ठेचकाळते. एकही ठेचकाळली नाही. कापडाच्या शिवणी उन्हात धरून पाहिल्या, कुठे उजेड आला नाही. मोटरच्या खोलीच्या भिंतीवरची खूण पाहिली. सिमेंटचा टवका उडाला आहे, माणसाच्या छातीच्या उंचीवर.

म्हणजे तिचं बरोबर होतं. पुस्तकातलं चित्र साध्या वाऱ्याचं आहे, त्या वाऱ्याचं नाही. हे पुस्तकात लिहायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र राहते. तिनं काठ्या काढून एकावर एक टाकल्या होत्या. त्या ओळीनं, ज्या त्या तंबूशेजारी ठेवायला हव्या होत्या, म्हणजे परत लावताना शोधाव्या लागत नाहीत. हे तिला कधीतरी सांगायला हरकत नाही.

आता इकडचं. वर्षअखेरीला सगळी जागा भरलेली होती. ती नव्हती. बुकिंग तिच्या फोनमध्ये, म्हणून अमोलरावांनी सगळं लिहून पाठवलं, त्यांचे आभार. धुळ्याचं एक कुटुंब दरवर्षी दिवाळीत येतं, या वेळी वर्षअखेरीला आलं. गाडीतून उतरले आणि मुलांनी पहिला प्रश्न केला, "योगिनीताई कुठंय?" मी म्हटलं, सासरी. तर त्यांची आई म्हणाली, "अहो, मग होडीतून कोण नेणार?" मी म्हटलं, मी नेतो. मी नेलं. मी त्यांना पाण्याची खोली, वाऱ्याची दिशा, वल्हं कसं धरायचं ते सगळं नीट सांगितलं. धाकटा म्हणाला, "ताई असं काही सांगत नाही, ताई गप्प बसते आणि मग बगळा येतो."

मालेगावच्या एका शिक्षकानंही तिलाच विचारलं. त्याचा मुलगा चार माणसांत बोलत नाही म्हणे, फक्त तिच्याशी बोलतो. हे मला माहीतच नव्हतं. मी समजत होतो लोक माझ्या व्यवस्थेसाठी येतात. व्यवस्थेसाठीही येतात, पण पहिली विचारणा तिची होते.

आता तुम्ही म्हणता, तिला विचारा. कसं विचारू? मुलीला द्यायचं असतं, तिच्याकडे मागायचं नसतं, असं आमच्यात वागत आलो. त्यात मी तिला दहा बायांसमोर बोललो. तुम्ही तिच्या रोज समोर आहात. तुम्हीच विषय काढलात तर बरं होईल. तिनं यावं आणि कॅम्प सांभाळावा, एवढा निरोप द्या.

कारभारी


निफाड
९ जानेवारी २०२५

व्याहीबुवा,

निरोप देणार नाही. बोललात सगळ्यांसमोर आणि चूक कबूल करताय पाकिटात बंद करून, तेही माझ्या नावानं. एसटी कळवणहून सुटते, निफाडला येते. त्यात बसा.

तुम्ही घरी यायचं टाळता ते मला माहीत आहे. तुमच्या घराण्यात मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी पाणीसुद्धा पीत नाही. लग्नापासून तुम्ही ते पाळता, आमच्या दारात आलात तरी बाटली घेऊन येता. पाळा. पण बोलायला पाणी लागत नाही.

आणि एक समजून घ्या, मी उदार होऊन बसलेली नाही. महिनाअखेरीला काढणी सुरू होते. घड बघून हा आज, हा चार दिवसांनी असं सांगणारी बाई मजुरीवर मिळत नाही. योगिनी एकदा वेलीखालून गेली की मला परत बघावं लागत नाही. ती तुमच्याकडे गेली तर माझ्या बागेत खड्डा पडेल. तो खड्डा मी सोसेन असं मी अजून म्हटलेलं नाही.

अमोलला विचारलं. तो म्हणाला, "तिला जायचं असेल तर मी शनिवारी जाईन, सोमवारी येईन. तलावाकडे पाठ करून बसेन, पण जाईन." नवरा तयार आहे, सासू विचारात आहे. बापानं अजून तोंड उघडलेलं नाही.

मालनबाई


करंजपाडा तलाव
१९ जानेवारी २०२५

विहीणबाई,

परवा निफाडला आलो होतो. योगिनीनं तुम्हाला किती सांगितलं ठाऊक नाही, म्हणून मी पूर्ण लिहितो.

घरी आलो नाही. स्टँडवर उतरून तिला फोन केला, स्टँडवरच ये म्हणालो. ती बागेतून तशीच आली, हाताला पानांचा हिरवा रंग. उसाच्या रसाच्या गाड्यामागच्या बाकावर आम्ही बसलो. मी येताना वाक्य तयार केलं होतं, ते आठवेना. म्हणून सरळ म्हणालो, "त्या दिवशी तुझं बरोबर होतं. मी चुकीचं बोललो."

ती म्हणाली, "आईंनी सांगितलं म्हणून म्हणताय?"

"नाही. काठ्या लोळवून बघितल्या."

त्यावर ती हसली. खूप नाही, पण हसली. मग विचारलं, "आता काय, अमोलला शिकवायला नेताय?"

"तुला न्यायला आलोय."

"मला काय शिकवणार?"

"काही नाही. तू चालव."

"आणि तुम्ही?"

"मी आहेच की तिथं."

"मग नको, आबा."

 तिनंच कारण सांगितलं. "तुम्ही उभे असलात की मी काही करण्याआधी तुमच्या तोंडाकडे बघते. पाहुणे माझ्याशी बोलतात, पण ठरवायची वेळ आली की तुम्हाला विचारतात. त्या दिवशी तुम्ही कळवणला गेला नसतात ना, तर मी एकही काठी काढली नसती. आपण सगळे उभ्या तंबूत असतो. पहिला महिना तुम्ही तिथं नसायचं. तुमचा तंबूही काठावर नको. मला चुकू द्या, मग या."

"माझ्या जागेवरून मलाच जायला सांगतेस?"

"हो."

गाडी लागली. कंडक्टर ओरडत होता, कळवण, कळवण. मी चढलो, खिडकीजवळ बसलो. ती खाली उभी राहिली, मनधरणी केली नाही. चाक हललं तेव्हा मी खिडकीतून म्हणालो, "ये मग." तिला ऐकू गेलं का याची खात्री नव्हती. वणीच्या पुढे तिचा मेसेज आला, 'काठ्या ज्या त्या तंबूशेजारी ठेवायच्या होत्या, ते माझ्या लक्षात आलं होतं. वेळ नव्हता.'

आता माझा प्रश्न. माझ्या वयाचा माणूस महिनाभर जातो कुठं? कळवणच्या घरात बसलो तर दुसऱ्या दिवशी तलावावर असेन, मी मला ओळखतो. तुमच्या बागेत खड्डा पडणार असं तुम्ही लिहिलंत. तो पडू नये. तिच्या जागी काढणीला मी येतो. घड पारखता येणार नाही, पण हात स्थिर आहेत, तारेचं बारीक काम केलं आहे. मी विचारून घेतलं आहे की घड देठाला धरायचा, मण्यांना बोट लावायचं नाही, वरची पांढरी लव पुसली की व्यापारी नाक मुरडतो. मजुरांच्या खोलीत राहीन. जेवणाची अडचण तुम्ही जाणता. स्टोव्ह आणि शिधा बरोबर आणीन.

तुम्ही तिला सोडता का, आणि मला ठेवता का, एवढं कळवावं.

कारभारी


निफाड
२५ जानेवारी २०२५

व्याहीबुवा,

तिला सोडलं. तुम्हाला ठेवते.

पहिले आठ दिवस घडाला हात लावायचा नाही, क्रेट उचलायचे. नंतर मी बघेन. बागेत माझ्याशिवाय कोणी सूचना देत नाही. मांडवाच्या तारा ढिल्या दिसल्या तरी तुम्ही ताणायच्या नाहीत, मला सांगायचं.

स्टोव्ह आणू नका. काढणीच्या दिवसांत सगळे बांधावर जेवतात. घर अमोलच्या नावावर आहे, ते मुलीचं घर. बाग माझ्या नावावर आहे. बांधावर जेवलात तर ते माझ्याकडचं जेवण होतं, आणि विहिणीच्या बांधावर जेवायला तुमच्या घराण्यात बंदी आहे असं मी कधी ऐकलेलं नाही. असेल तर जुनं पत्र दाखवा.

योगिनी आज सकाळच्या गाडीनं गेली. पिशवी चढवून परत खाली उतरली. मला म्हणाली, "आई, आबा खरंच इकडे येतील? मी पोचल्यावर ते तिथंच उभे असले तर?" मी म्हटलं, येतील. त्यावर ती गाडीत बसली.

ती माझ्या शब्दावर गेली आहे. हे पत्र पोस्टात न टाकता दुपारच्या कळवण गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे. सोमवारी सकाळी या.

मालनबाई